खराब खेळांचं कपाट

मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेलो आणि भिंतीवरचं एक बटण बंद केलं. एवढंच केलं.

आमच्याकडे मुलगी पाहण्याचा प्रश्न नव्हता. दोघं एकाच ऑफिसात, रोज एकमेकांना पाहतच होती. त्याचे आईवडील रीतसर येऊन गेले, मग आम्ही इथं चेन्नईतच मैलापूरला त्यांचं घर पाहायला गेलो. बैठकीत गोड सज्जी म्हणजे आपला शिरा, भजी, काफी असा थाट होता. बायकोचं आणि त्याच्या आईचं इतकं जमलं, की दोघींनी मला आणि त्याच्या वडिलांना एकमेकांवर सोपवून दिलं. हात तेलकट झाले म्हणून मी उठलो. मोरीकडे जाताना मुलाची खोली लागते. आत माणूस नाही, पण पंखा गरगरतोय आणि टीव्ही चालू. टीव्हीवर एक चित्र थिजलेलं होतं: करडा रस्ता, बसथांबा, थांब्याच्या रांगेत कोट घातलेला चौकोनी माणूस. मी बराच वेळ पाहिलं. माणूस हलेना. बिघडलाय, असं ठरवून मी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला आणि टीव्हीखाली एका जुनाट डब्याचा लाल दिवा जळत होता, त्याचंही भिंतीवरचं बटण बंद केलं. उभा जन्म मी पोरांच्या मागे बटणं बंद करत फिरलोय, त्यामुळे हात आपोआप जातो. बैठकीत येऊन म्हटलं, "आत सगळं चालूच राहिलं होतं. बंद केलं."

कौतुकाची अपेक्षा होती. मुलीचा चेहरा पाहिला आणि सज्जीचा घास तोंडातच राहिला.

मुलगा उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा हसत होता. "परवा नाही, मामा," म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही.

इकडे वयानं मोठ्या माणसाला मामा म्हणतात आणि सासऱ्यालाही मामाच म्हणतात. त्यामुळे तो मला नुसता मोठा म्हणून मामा म्हणत होता, की त्यानं परस्पर सगळं ठरवून टाकलं होतं, हा माझा पहिला संशय. दुसरा त्याहून मोठा होता, पण तो परतीच्या वाटेवर आला.

गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, तो सकाळपासून त्या बसची वाट बघत होता."

"कुठल्या बसची?"

"गेममधल्या."

मग कळलं ते असं. तो जपानी व्हिडिओ गेम होता, त्या मुलाच्या जन्माच्याही आधीचा. त्यात तुम्ही एक कारकून. तुम्हाला ऑफिसला पोचायचंय. बस खरोखरीच्या बसइतकाच वेळ घेते, म्हणजे तासन्‌तास. मधे चुकून एक बटण दाबलं तरी कारकून रांगेतून बाहेर पडतो आणि पुन्हा शेवटी जाऊन उभा राहतो. खेळ होता तिथं राखून ठेवायची सोय नाही. वीज गेली, की सगळं पहिल्यापासून.

"असला खेळ कोण खेळेल?"

"कोणीच नाही. म्हणूनच तो खेळतो. त्याच्याकडे कपाट भरून आहेत. जपानमध्ये सगळ्यात वाईट म्हणून बदनाम झालेले जुने गेम. शोधून शोधून मागवतो."

"आणि मी बंद केला, तरी रागावला नाही?"

"नाही ना."

"का नाही रागावला?"

मुलीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बायको म्हणाली, "अहो, समोर बघा. सिग्नल लाल आहे."

आता माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर माझ्या संशयाला तुम्ही नुसता खवटपणा म्हणाल. साताऱ्याहून मी इकडे आलो तो चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या तपासायला. अजून तेच करतोय. आमच्याकडे नापास झालेला पीस लाल पेटीत जातो. पेटीला कुलूप असतं. भंगारात द्यायच्या आधी तो पीस दोघांच्या समोर कापतात, म्हणजे तो परत कुठून फिरून चांगल्या मालात शिरायला नको. लाल पेटीतला माल हौसेनं घरी नेऊन कपाटात मांडणारा माणूस मी ऐकलेला नव्हता. नापास माल जपून ठेवणाऱ्याच्या मनात आमच्या धंद्यात एकच गोष्ट असते: आज ना उद्या हा कोणाच्या तरी गळ्यात मारायचा.

आणि न रागावण्याचं म्हणाल, तर आम्ही बिजागरी यंत्राला लावतो. यंत्र दार उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं, रात्रंदिवस, बिजागरी तुटेपर्यंत. तुटली की आम्हाला बरं वाटतं, कारण ती कुठे तुटते ते कळलं. तुटतच नाही अशा पीसवर कोणी विश्वास ठेवत नाही. सगळे म्हणतात, पुन्हा लावा.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण त्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या डोक्यात आणखी एक विचार आला आणि नको तिथं तोंडातून निघाला. बायको इडलीचं पीठ ढवळत होती. मी म्हटलं, "ज्याला खराब माल आवडतो, त्यानं आपली मुलगी पसंत केलीय. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?"

ढवळणं थांबलं. "हे तिच्यासमोर बोललात तर मी माहेरी जाईन," बायको म्हणाली. तिचं माहेर वाईला आहे, आणि इकडच्या उन्हाळ्याच्या मानानं ही धमकी मला नेहमीच थोडी आमिषासारखी वाटत आलीय.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. तिनं एकदाच विचारलं. "बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. पण दुसऱ्यांदा विचारणारही नाही." बायकोचं हो होऊन गेलं होतं. त्याच्या घरचं तर कधीच झालं होतं. घोडं माझ्यापाशी अडलं होतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तेव्हापासून घरात ती माझ्याशी तमिळमध्ये बोलू लागली. रागावली की ती तमिळमध्ये शिरते, कारण तिथं मी तिला गाठू शकत नाही.

आमच्या कंपनीत एक जपानी सल्लागार आहेत. माझ्याहून थोडे मोठे, वर्षातले काही महिने इथं असतात, रसम आवडीनं पितात आणि हसत नाहीत. कँटीनमध्ये एकदा समोरासमोर आलो, तेव्हा मी कागदी रुमालावर चित्र काढून दाखवलं. कोटवाला माणूस, बसथांबा.

"हा खेळ माहीत आहे का? त्यात म्हणे बस येतच नाही."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "बस येते," ते इंग्रजीत म्हणाले. "पण भरलेली असते."

मग रुमालाकडे बघत म्हणाले, "माझ्या आईनं वाढदिवसाला आणून दिला होता. दुकानदारानं तिला सांगितलं, मुलांना फार आवडतो. मी तिला म्हटलं, फार छान आहे. ती बघत असेपर्यंत मी रोज खेळायचो." रुमाल माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला हा कुठे मिळाला?"

"मुलीचा होणारा नवरा खेळतो. म्हणजे कदाचित होणारा."

"त्याच्यावर कोणी जबरदस्ती करतं का?"

"नाही. स्वतः विकत घेतो. असले पुष्कळ आहेत त्याच्याकडे."

त्यांनी दातांमधून श्वास आत ओढला. हा आवाज आमच्या कंपनीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ओळखतात. तो आला, की माल फाटकापाशी थांबतो. "जरा नीट तपासा," ते म्हणाले आणि रसम तसंच टाकून उठले.

झालं. आता हा माझ्या एकट्याच्या मनाचा खेळ राहिला नाही. दुसऱ्या तपासनिसानंही शेरा मारला होता.

त्याच्या घरी जायला कारण शोधावं लागलं नाही. पहिल्या भेटीत त्याच्या आईनं आमच्याबरोबर सांबाराच्या पुडीचा डबा दिला होता. डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून बायकोनं चकल्या भरून ठेवल्या होत्या. मुलीबरोबर ऑफिसात पाठवणार होती. मी म्हटलं, "मीच देऊन येतो. रविवारी मैलापूरला जायचंच आहे."

"कशाला?"

"देवळात जाईन म्हणतो."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या श्रद्धेची शंका आली. "त्याचे आईवडील रविवारी संध्याकाळी गाणं ऐकायला सभेत जातात," ती म्हणाली.

"असं का? मला माहीत नव्हतं."

मला माहीत होतं.

दार त्यानंच उघडलं. लुंगी नेसलेला, केस विस्कटलेले. चकल्यांचा डबा घेतला, मला बसवलं आणि स्वतः काफी करून आणली. काफी उत्तम होती, म्हणजे तिथंही पकडायला काही नाही.

त्यांचं घराणं तंजावरचं. पूर्वज कधीतरी महाराष्ट्रातून उतरले ते तिथंच राहिले आणि ह्याच्या आजोबांच्या वेळी चेन्नईला आले. घरात बोलतात ते मराठीच, पण आपल्याकडे जी बोली केव्हाच संपली, ती ह्यांच्याकडे अजून चहापाण्याला वापरात आहे, आणि चाल तिची तमिळ. तो बोलू लागला, की एखादा जुना सरदार इडली मागतोय असं मला वाटतं.

"तुमचं ते कपाट बघू," मी म्हटलं.

"बघा कीं, मामा."

आमच्या लाल पेटीला कुलूप, ह्याच्या कपाटाला काच. आत प्लास्टिकच्या पाकिटांत रंगीत कॅसेटी उभ्या लावलेल्या. एकेक काढून तो सांगू लागला. ह्यात शेवटचा दरवाजाच उघडत नाही, बनवणारे उघडायला विसरले. ह्यात हरलं तरी अभिनंदन येतं. ह्यात उडी मारायचं बटण आणि जीव द्यायचं बटण एकच.

"विकतोस का हे?"

"कोण घेणार, मामा?"

"मग चांगले खेळ नसतात का जगात?"

"चांगले सगळेच खेळतात. ह्यांस कोणी नाही."

हे उत्तर मला पाठ केल्यासारखं वाटलं. मुलाखतीत असं गोड उत्तर देणाऱ्या उमेदवाराला मी नेहमी दुसऱ्या फेरीत बोलावतो. म्हटलं, "लाव एखादा."

त्यानं लावला तो असा. एक म्हातारी डोंगर चढतेय. तिच्या पाठीवर अंघोळीचं लाकडी पिंप, पिंपात तिचा नवरा बसलेला, त्याचं फक्त डोकं वर. आकाशातून चहाच्या किटल्या उडत येतात. किटली लागली की म्हातारी मेली. दगड लागला की मेली. वाटेत एक फूल होतं, मी म्हटलं हे घ्यायचं असेल. फुलानंही मेली. मधूनमधून नवरा पिंपातून जपानीत काहीतरी बोलतो.

"काय म्हणतो तो?"

"सावकाश चल, म्हणतो."

"आणि मदत?"

"नाही, मामा. तितकेंच म्हणतो."

मी खेळायला बसलो होतो ते त्याला डिवचायला. तो मोठ्या कष्टानं म्हातारीला वर न्यायचा, मग कंट्रोलर माझ्या हातात द्यायचा, आणि मी तिला मुद्दाम फुलावर घालायचो. तो म्हणायचा, "परवा नाही." मी म्हटलं, इंजिनियर होऊन हेच करतोस का. म्हणाला, रविवारींच करतों. मी म्हटलं, लग्नानंतर हे कपाट कुठे ठेवणार? म्हणाला, ती म्हणेल तेथें. दार उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय, आणि बिजागरी कुरकुरतसुद्धा नाही. उलट एका कड्यापाशी पायाखालची जमीनच नाहीशी झाली आणि म्हातारी सरळ खाली गेली, तेव्हा ओरडलो मी.

"अरे, इथं दगड होता की!"

"चित्र आहे, मामा. जमीन घालण्यास विसरले. चार बोटें पुढें उडी टाकावी लागते."

"हे खेळणाऱ्याला कसं कळायचं?"

"मरून मरून."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर माझ्या मुलीचा फोटो. मी घाईनं म्हटलं, "मी इथं आहे हे सांगू नकोस."

त्यानं फोन उचलला. माझ्याकडे पाहिलं. "तुझे बाबा येथें आहेत," म्हणाला. "सांगूं नको म्हणून सांगितलें त्यांनी." आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

मी त्या पिंपातल्या नवऱ्यासारखा नुसता डोकं वर काढून बसलो.

"बाबा," मुलगी म्हणाली. मराठीतच म्हणाली, म्हणजे प्रकरण रागाच्याही पुढे गेलं होतं. "तुम्ही देवळात गेला होतात ना?"

"जाणारच आहे. वाटेत डबा दिला."

"त्याला टेस्ट करताय?"

"गेम खेळतोय."

"तो बिजागरी नाहीये, बाबा." आवाज जरा फाटला आणि फोन बंद झाला.

मला त्याचा राग आला. होणारा जावई आपल्यासाठी एवढंसं खोटं बोलू शकत नाही? आणि त्याच वेळी मनात एक जुना तपासनीस टिपून घेत होता, की ह्याला खोटं बोलायला सांगितलं तर हा बोलत नाही. दोन्ही एकदम चाललं होतं. मी काही म्हणायच्या आतच तो म्हणाला, "मामा, एक सांगूं?"

"सांग."

"तुम्हांस मी नको, तर नको म्हणून सांगा. मी ऐकून घेतों. पण विचार करतों, विचार करतों म्हणून ठेवूं नका. ती ऑफिसांत दिवसभर फोन पाहते, बाबा कांहीं म्हणाले कां म्हणून. दुपारीं डबा उघडत नाही. कालच्या मीटिंगमधें उठून गेली आणि डोळे धुऊन आली. तुम्ही माझे खेळ फेकलेत तरी परवा नाही. ह्याची मात्र परवा आहे."

आवाज चढला नव्हता. पण कान लालबुंद झाले होते, आणि कंट्रोलर त्यानं टेबलावर असा आपटला, की पडद्यावरची म्हातारी नवऱ्यासकट कड्यावरून गेली. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

खरं सांगायचं, तर मला हायसं वाटलं. कुठे तुटतं ते दिसलं होतं. ती डबा उघडत नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं. घरी परत आलेला डबा मी कधी पाहिलाच नव्हता. तो बायको पाहत असणार.

मी काफीचा पेला उगाच उचलला. त्यात काफी नव्हती. म्हटलं, "तुझ्या आईवडिलांना सांग. तारीख बघायला माझी हरकत नाही."

तो हलला नाही. "हें खरें, कीं अजून परीक्षा?"

"खरं."

"नंतर पालटणार नाही?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. नव्या पुरवठादाराचा पहिला माल आला, की मी खोका उघडून वास घेतो, पीस उलटा करतो, उजेडात धरतो. तसंच काहीसं माझ्या बाबतीत चाललं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "सरि, मामा," म्हणजे बरं, आणि आत जाऊन दुसरी काफी घेऊन आला. ह्या वेळी साखर जास्त पडली होती.

मग आम्ही म्हातारीला पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतलं. मी आता मुद्दाम मारत नव्हतो, तरी ती मरतच होती. त्यानं मला त्या नसलेल्या जमिनीवरून कशी उडी घ्यायची ते शिकवलं, आणि एकदा ती माझ्या हातून खरोखरच पलीकडे गेली. त्याचे आईवडील सभेतून परतले तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर बसून चकल्या खात होतो. त्याच्या वडिलांनी एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एक चकली उचलली.

पोरूरला घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. बायको स्वयंपाकघरात खाली बसून शेवग्याचा पाला खुडत होती. मुलीच्या खोलीचं दार लोटलेलं. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि बायकोसमोर बैठक मारली. सगळं सांगितलं. काफी, कपाट, किटल्या, फूल, पिंपातला नवरा. नवरा काय म्हणतो ते आवाज काढून सांगितलं. फोनचं जरा कमी करून सांगितलं. मग मुलगा कसा तापला, कान कसे लाल झाले, हे दोनदा सांगितलं, कारण ते सांगताना मला आपणच ते घडवून आणल्यासारखं वाटत होतं. "रागावतो," मी म्हटलं. "चांगला रागावतो. योग्य गोष्टीवर रागावतो. मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं."

बायको पाला खुडत होती. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"त्याला सांगितलंत?"

"हो."

"त्याच्या आईवडिलांना?"

"निघताना. त्यांनी नारळ दिला, तो गाडीतच राहिला वाटतं."

"आणि आता मला."

"तुलाच तर पहिलं येऊन सांगतोय घरात."

तिनं परात बाजूला सारली आणि माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या आईनं मला मघाच फोनवर सांगितलं. तो तिला फोन करून सांगेल म्हणून मी तेव्हापासून वाट बघतेय. त्यानं केलेला नाही. तुम्हीच सांगावं म्हणून तो थांबलाय, एवढी अक्कल आहे त्याला. ती दुपारीसुद्धा जेवलेली नाही. उठा, दार वाजवा. आणि हे बघा, आत जाऊन किटल्यांपासून सुरुवात करू नका. आधी हो म्हणा."